पडवीतले साहेब

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला आडनाव विचारलं नाही. बारावीला किती टक्के पडले तेही विचारलं नाही. कर्जतला कॉलेजसाठी खोली शोधताना हे दोन प्रश्न मला प्रत्येक दारात विचारले गेले होते आणि त्यांची उत्तरं मी टमटममध्ये बसल्या बसल्या मनात घोकत आले होते. काकांनी दार उघडलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे रात्री चूल विझवतात, की निखारे राखेत झाकून ठेवतात?"

"झाकतात," मी म्हटलं.

"राख नुसती वरून सारतात, की आधी खड्डा करतात?"

"आधी... थोडा खड्डा करतात."

"कसा? दाखव बघू."

आणि मी त्यांच्या ओट्यावर उकिडवी बसून, समोर चूलही नाही आणि राखही नाही, दोन्ही हातांनी फरशीवर खड्डा करून दाखवला. ते वाकून बघत होते. आतून काकू आल्या. "अहो, पोरीला आत तरी घ्याल की नाही? बसली काय ती उंबऱ्याबाहेर!"

खोली मिळाली. भाडं किती ते काकूंनी सांगितलं, कारण काका निखाऱ्यांचाच विचार करत बसले होते.

मी आमच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिली. आमची वाडी खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. कर्जतच्या त्या जुन्या आळीत, जिथे प्रत्येक घराला पाटी आणि पाटीवर वकील नाहीतर शिक्षक असं लिहिलेलं, तिथे मी सुरुवातीला फार दबकून वागायचे. नळ सोडताना आवाज होऊ नये म्हणून बादलीत हात धरायचे. काकांच्या ते लक्षात आलं असेल, पण ते त्यावर काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाण्याचा आवाज हातानं कमी होतो की बादली तिरकी केल्यावर? करून बघ."

त्यांचा स्वभाव सांगायचा तर हे एवढंच सांगता येईल. माणसं काम कसं करतात हे बघण्याचा त्यांना नाद होता. भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीला एका हातानं दोरा कसा गुंडाळते हे बघत ते बाजारात उभे राहायचे. ती वैतागायची. "काका, घ्यायची हाय का नुसती बघायची हाय?" मग ते जुडी घ्यायचे आणि घरी येऊन दोरा सोडून परत बांधायचा प्रयत्न करायचे. घरात कोथिंबीर नेहमी जास्त व्हायची.

पण हाच माणूस दुसऱ्याच्या वस्तूंबद्दल कधी काही विचारत नसे. माझ्या खोलीत ते कधी डोकावले नाहीत. माझा निकाल लागला तेव्हा ते मी सांगेपर्यंत थांबले. असं का, एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "कसं करतात ते विचारावं. काय ठेवलंय ते विचारू नये. पहिलं शिकणं आहे, दुसरं नाक खुपसणं."

काका रसायनीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते. निवृत्त झाल्यावर त्यांचे मित्र कारखान्यातले कमी आणि चौकचे भंगारवाले, गॅरेजवाले जास्त. एका शनिवारी मी वाडीवर निघाले होते, तर काका म्हणाले, मीही चौकला येतोय, एकजण भेटायचे आहेत. मला वाटलं कोणी ओळखीचे असतील. तिथे एका भंगाराच्या दुकानापुढे ताडपत्रीखाली लोखंडी पेटी होती. लांबरुंद, ठेंगणी, पुढच्या बाजूला जाळीचे बारा खण, तीन ओळींत चार-चार. काकांनी ताडपत्री बाजूला केली आणि जाळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हे आमच्या कारखान्यात होते. मी यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली."

टेंपोवाल्यानं पेटी चढवताना विचारलं, "काका, ह्ये काय हाय? बेकरीची भट्टी?"

"नाही रे. साहेब आहेत. निवृत्त झालेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

पेटी घरी पोचली तेव्हा काकू ओट्यावर उभ्या होत्या, असं मला नंतर कळलं. त्या म्हणाल्या, "एक निवृत्त माणूस घरात होताच. आता दोन झाले."

काकांनी मला ती पेटी समजावून सांगितली, आणि मला भूगोलाशिवाय काही येत नसल्यामुळे अगदी सोपी करून सांगितली. कारखान्याच्या सगळ्या फायली या पेटीत राहायच्या. प्रत्येक खणात एक डिस्क. नवीन यंत्रं आली, हिला काढून टाकलं. कारखान्याला ती लहान पडायला लागली म्हणून काढली. पण आपल्या आळीला ती सात जन्म पुरेल. जुना कॉम्प्युटर तिला जोडायचा, त्यातून घराघरात केबल नाहीतर वाय-फाय न्यायचं, आणि ज्याला जे जपून ठेवायचंय ते त्यानं त्यात ठेवायचं. फोनवरून, लॅपटॉपवरून, कुठूनही. इंटरनेटही लागत नाही. सगळ्यांसाठी मिळून एक कपाट, प्रत्येकाचा कप्पा वेगळा.

पहिले काही आठवडे मात्र ते कपाट कुणाला मिळालंच नाही, कारण आत कारखान्याचं काहीतरी उरलं होतं. ते पुसायचं काम काका करत होते. रोज सकाळी सुरू करायचे आणि पेटी दिवसभर गुरगुरत राहायची. काय होतं हो आत, मी विचारलंच. "मी बघितलं नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याचं घर झाडून द्यायचं झालं तर झाडू चालवावा. ट्रंका उघडू नयेत."

पेटीचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा होता. ती मागच्या पडवीत ठेवली होती. आळीतून तक्रारी आल्या, मग काकांनी एकेकाला त्याचा कप्पा काढून दिला आणि तक्रारी बंद झाल्या. शिंपीकाकांनी ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो ठेवले. समोरच्या आजींनी नातवाचे व्हिडिओ. लाईट गेली की गुरगुर थांबायची आणि अख्ख्या आळीत कुणीतरी म्हणायचं, "काकांचे साहेब झोपले." काका त्या पेटीला अहो-जाहोच करायचे. काकूंना त्याचा राग यायचा. "मला जन्मात कधी अहो म्हणाला नाहीत."

"तू कधी एवढी तापत नाहीस."

"मी तापत नाही?" काकू म्हणाल्या, आणि त्या दिवशी जेवणात फक्त पिठलं होतं.

तापण्याचा प्रश्न खराच होता. उन्हाळा आला, पडवीला पत्रा. काकांनी मला विचारलं की आमच्या घरात दुपारी गारवा कसा राहतो. मी म्हटलं, भिंतीच्या जागी कारवीच्या काठ्यांचा कूड असतो ना, शेणानं लिंपलेला. पुढच्या आठवड्यात माझी आई डोक्यावरून कारवीचा कूड घेऊन एसटीनं कर्जतला आली. तिला मी नको म्हटलं होतं. कॉलेजच्या गावात आई डोक्यावर कूड घेऊन उतरणार म्हणून मला कसंतरी वाटत होतं, हेही लिहायला हवं. पण काका स्टँडवर गेले आणि कुडाचं दुसरं टोक स्वतःच्या खांद्यावर घेऊन आळीतून चालत आले.

पडवीत कूड उभा केल्यावर आईनं शेण कुठं हाय विचारलं. काका म्हणाले, लिंपायचं नाही, वारा आत आला पाहिजे.

"वारा पायजे तर कूड कशापायी? उघडंच ठेवा की."

"मांजर येतं."

आई जरा विचार करून म्हणाली, "मंग मांजरापुरताच कूड हाय ह्यो." काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. नंतर कितीतरी दिवस ते त्याला मांजरापुरता कूड असंच म्हणत. आई मात्र जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "मानूस चांगला हाय गं बाय. पर जरा जपून."

तो उन्हाळा माझा फार धावपळीत गेला. तिसऱ्या वर्षाला आम्हाला प्रकल्प होता. मी आमच्या आणि आसपासच्या वाड्यांचे पाण्याचे झरे घेतले होते. मे महिन्यात कुठल्या झऱ्याला किती पाणी राहतं, हंडा भरायला किती वेळ लागतो. आई आणि मी पहाटे निघायचो. भावाच्या फोनमध्ये वेळ लावायची, फोटो काढायचा, बायका काय सांगतात ते रेकॉर्ड करायचं. आठवड्याला फोन भरायचा. कर्जतला आले की सगळं कपाटातल्या माझ्या कप्प्यात टाकायचं आणि फोन रिकामा करून भावाला द्यायचा. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता. दुसरी प्रत ठेवावी हे मला तेव्हा सुचलं नाही. कपाट म्हणजे कपाट, असं मला वाटे.

घरी एक ठरल्यासारखं होतं. पास होत्येस तवर शिक, असं बाबा म्हणाले होते. त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. पण एक वर्ष गेलं असतं तर मी परत कर्जतला आले नसते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. प्रकल्प दिवाळीनंतर द्यायचा होता.

खंडेनवमीला मी वाडीवर होते. काका शेलूला गेले होते. त्यांच्या मुलीनं तिथे नवीन घर घेतलं होतं आणि तिथले दिवे-पंखे लावून द्यायचे होते. घरी काकू एकट्या. दर वर्षी त्या काकांचे स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, आपली शिवणाची मशीन, विळी असं सगळं पाटावर मांडून पूजा करत. या वर्षी पहिल्यांदाच साहेब घरात होते. त्यांना वरून नुसतं कुंकू लावून सोडायचं हे काकूंना पटलं नाही. शिवाय जाळीतून धूळ दिसत होती. लाईट जाणार असेल तेव्हा पेटी कशी बंद करायची ते काकांनी त्यांना शिकवलं होतं, तशी त्यांनी ती बंद केली. मग बाराही डिस्क बाहेर काढल्या, मऊ फडक्यानं पुसल्या, पाटावर ओळीनं मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं, आणि परत आत सरकवल्या. प्रत्येकीच्या तोंडावर काकांनी खडूनं आकडा घातला होता. खडूनं, कारण पक्की शाई लावली की माणूस विचार करणं सोडतो असं त्यांचं म्हणणं. काकूंना तो खडू म्हणजे डाग वाटला. तोही त्यांनी पुसला.

मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परतले, तेव्हा पडवीत काका, काकू आणि शेलूहून त्यांना सोडायला आलेले जावई उभे होते. पेटीवर लाल दिवे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक इंग्रजी वाक्य.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

जावई म्हणाले, "ओळख पटत नाही म्हणतंय. नवीन मांडणी करू का विचारतंय. बाबा, एंटर मारा ना, सुरू तर होईल."

"सुरू होईल. आतलं जाईल."

"आत काय आहे एवढं? ब्लाउजचे गळे!"

त्यांचं बोट पुढे गेलं होतं. काकांनी त्यांचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही. "साहेबांनी प्रश्न विचारलाय," काका म्हणाले. "लगेच उत्तर द्यायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

मग त्यांनी मला सांगितलं. एक फाईल एका डिस्कमध्ये नसते. तिचे तुकडे करून बाराही डिस्कमध्ये ओळीनं ठेवलेले असतात. कितवी डिस्क कुठल्या खणात, हे पेटीच्या डोक्यात असतं; डिस्कच्या अंगावर कुठे लिहिलेलं नसतं. आता ओळ मोडली. वस्तू सगळ्या घरातच आहेत, पण एकही सापडत नाही. किती प्रकारे लावून बघता येईल, मी विचारलं. "आयुष्य पुरणार नाही," ते म्हणाले.

मला रडू आलं नाही. मी मे महिन्याचा विचार करत होते. आता डोंगरातून चहूकडे पाणी वाहत होतं, जिथे मे महिन्यात दगड होता तिथेही. परत मोजायला काही उरलंच नव्हतं. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला वाटलं गं, सगळ्या सारख्याच आहेत," आणि त्याच रडायला लागल्या.

काका त्यांच्यावर ओरडले नाहीत. जावई निघून गेल्यावर ते काकूंच्या समोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "कशा काढल्यास?"

"लक्षात नाही हो."

"लक्षात नको. हातांना विचारू. परत कर पूजा."

त्यांनी आता ज्या खणात जी डिस्क होती तिच्या पोटाखाली त्या खणाचा आकडा घातला, पक्क्या शाईनं. हिशोब सोपा होता, तो त्यांनी मला सांगितला. काकूंचे हात दर वेळी सारखंच काम करत असतील, तर आज पहिल्या खणातली डिस्क जिथे जाईल तिथेच त्या दिवशीही पहिल्या खणातली गेली असेल. ते कळलं की उलटं चालत जायचं.

काकू पदर खोचून बसल्या. वरच्या ओळीतली डावीकडची डिस्क काढली, पुसली, कुंकू लावलं, परत तिथेच ठेवली. मग दुसरी. अगदी सावकाश, शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारख्या.

"अशीच केली," त्या म्हणाल्या.

"अशी केली असतीस तर काही बिघडलंच नसतं," काका म्हणाले.

त्यांनी हात चोळले. मग मीच भीत भीत म्हटलं, की आमच्या आईला पीठ किती घेतेस विचारलं तर तिला सांगता येत नाही आणि बघत बसलं तर भाकरी बिघडते. ती दुसऱ्याशी बोलत असली की बरोबर घेते. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं माझं काही चुकलं. ते उठले, बाहेर गेले आणि कुडाच्या पलीकडे बसले. कारवीच्या फटींतून त्यांचा सदरा दिसत होता.

मी काकूंजवळ बसले आणि त्यांच्या माहेरी खंडेनवमी कशी असायची ते विचारलं. त्या आधी एकेका शब्दात बोलल्या. मग वडिलांच्या सुपारीच्या वाडीतले कोयते आठवले, मग भावानं नैवेद्य दाखवायच्या आधीच एक पुरणपोळी पळवली ते आठवलं, आणि हात सुटले. खालच्या ओळीपासून, उजवीकडून, दोन-दोन डिस्क, एकेका हातात. पाटावर भिंतीकडच्या बाजूनं मांडायला सुरुवात. परत ठेवताना मात्र वरून, डावीकडून, जी हाताशी येईल ती आधी. बोलता बोलता त्या हसतही होत्या. कुडापलीकडे खडूचा आवाज येत होता. काका फरशीवर लिहीत होते.

त्यांनी डिस्क उलट्या हिशोबानं लावल्या आणि पेटी सुरू केली. लाल. तेच वाक्य.

काकूंचा चेहरा उतरला. काका मात्र फरशीवरच्या आकड्यांकडे बघत होते. "पद्धत हीच आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी मध्ये काहीतरी झालं. कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"पूजा झाल्यावर?"

"पूजा व्हायच्या आधी. फुलवाली. ती ओट्यावर येऊन ओरडते, दार उघडेपर्यंत ओरडतच राहते." काकू थांबल्या. "हातात दोन होत्या. त्या मी शिवणाच्या मशीनवर ठेवल्या. फुलं घेऊन आले, तर त्या तिथेच. बाकीच्या मांडून झाल्यावर शेवटी घेतल्या."

"कुठल्या ओळीतल्या?"

"मधल्या. पहिल्याच दोन काढल्या होत्या तिथल्या."

काकांनी फरशीवरचा अर्धा हिशोब तळहातानं पुसला आणि परत मांडला. पेटी बंद केली, डिस्क काढल्या, लावल्या. सुरू केली. ती गुरगुरायला लागली. मी डोळे मिटले होते. काका म्हणाले, "साहेब उठले," तेव्हा उघडले. दिवे हिरवे होते आणि पडद्यावर सगळ्यांचे कप्पे नावानिशी दिसत होते.

काका लगेच उभे राहिले आणि पडद्याकडे पाठ करून कुडाबाहेर तोंड काढून उभे राहिले. "बघ तू," ते म्हणाले. "तुझं आहे."

मी माझा कप्पा उघडला. फोटो होते, बायकांचे आवाज होते, हंड्यांच्या वेळांचा तक्ता होता. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. काकू पडवीच्या उंबऱ्यातच उभ्या होत्या, आत यायला धजत नव्हत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "आहे ना गं पाणी तुझ्या झऱ्यांना?"

"आहे काकू. दोन झऱ्यांना नाही. पण त्यांना मे महिन्यातच नव्हतं."

काकूंनी तिथेच भिंतीला टेकून डोळे पुसले. काका मात्र वळले. पडद्याकडे नाही, माझ्याकडे.

"नसलेलं पाणी कसं मोजलंस गं?"

"हंडा लावून बसलो होतो," मी म्हटलं. "आई रिकामा हंडा घेऊन उठली, तेव्हा शून्य लिहिलं."